गजाभाऊंची भिंत

गजाभाऊ वडके यांचा चेहरा आठवायला गेलो की मला आधी त्यांच्या चपला आठवतात. यात त्यांचा अपमान नाही. ज्या माणसाचं निम्मं आयुष्य मोटारीखाली गेलं, त्याचं दर्शन लोकांना पायांकडूनच घडणार. डाव्या चपलेला टायरचा तुकडा ठोकलेला, उजवीला चामड्याचा. गिऱ्हाईक आलं की आधी चपलांची हालचाल थांबायची, मग गाडीखालून आवाज यायचा, "कोण?" आपण नाव सांगायचं. मग पुढचं वाक्य यायचं, आणि ते प्रत्येकाला तेच यायचं.

"काय होतंय ते सांगा. काय झालंय ते मी सांगेन."

हा फरक ज्याला कळला नाही त्याची गाडी तिथं टिकली नाही. "क्लचप्लेट गेलीय, तेवढी बदलून द्या," असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकासाठी ते गाडीखालून बाहेरसुद्धा येत नसत. "निदान झालंय ना? मग औषधही घरीच घ्या," एवढं म्हणून चपला पुन्हा हलायला लागायच्या.

घराणं कसब्यातल्या तांबटांचं. आजोबांनी हंडे घडवले, वडिलांनी बंब घडवले, आणि गजाभाऊंच्या हातात हातोडी आली तोपर्यंत लोकांनी बंब माळ्यावर टाकून गिझर लावले होते. तेव्हा तांब्याचा हात घेऊन हा माणूस मोटारीत शिरला. कसब्यातल्या त्यांच्या गल्लीत मोटार आत येत असे, पण मग तिचं दार उघडत नसे, आणि उघडलंच तर समोरच्यांच्या स्वयंपाकघरात उघडे. म्हणून राहायला कसब्यात आणि गॅरेज बिबवेवाडीत. रोज सायकल. तेव्हा बिबवेवाडीत इमारती उगवायला लागल्या होत्या, पण दोन इमारतींच्या मध्ये चुकून राहिल्यासारखं एखादं ज्वारीचं वावर अजून दिसायचं. तशाच एका वावराच्या कडेला, चिंचेखाली, त्यांची पत्र्याची शेड होती.

धंदा बदलला तरी घराण्याची एक खोड गेली नव्हती. तांब्याच्या भांड्यावर बारीक खळ्यांची जी नक्षी दिसते तिला मठार म्हणतात. लहान हातोडीनं एकेक ठोका देत ती काढायची. मठारल्याशिवाय भांडं तांबटाच्या हातून सुटत नाही. गजाभाऊंच्या हातून गाडीही तशी सुटत नसे. काम संपलं की खिशातून बोटभर हातोडी निघायची आणि जे काही दुरुस्त झालं असेल त्याच्यावर टक टक टक टक टक असे पाच ठोके पडायचे. नटवर, बोल्टवर, बॉनेटच्या कडेवर. एकदा जेवण झाल्यावर डब्याच्या झाकणावरही पडलेले मी ऐकलेत.

आता भिंतीविषयी सांगतो. शेडच्या मागच्या बाजूला फळ्या ठोकल्या होत्या आणि फळ्यांवर खिळे होते. दुसऱ्या मेकॅनिकनं केलेल्या कामात काही पाप सापडलं की तो भाग पुरावा म्हणून खिळ्यावर जायचा आणि त्याच्या गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी. जुनी गाडी म्हणजे चार मालक आणि चाळीस मेकॅनिक, त्यामुळे पुराव्याला तोटा नव्हता. चिठ्ठीवर गुन्हा, गुन्हेगाराचं नाव आणि वस्ती, खाली तारीख, सगळं वळणदार अक्षरात. "रबर उलटे बसवले. जाधव, विश्रांतवाडी." "बोल्टच्या जागी खिळा. नाव कळले नाही. कळेल." नवीन गिऱ्हाइकाला ते आधी भिंत दाखवत. देवळात गेल्यावर आधी घंटा वाजवावी, तसं.

भिंतीवर गिऱ्हाइकांनाही मज्जाव नव्हता. एक निवृत्त अधिकारी क्लचची तक्रार घेऊन आले होते. पेडल दाबलं की अडकायचं. गजाभाऊंनी विचारलं, "डबीत काय ओतलंत?"

"ब्रेक ऑइल."

"कुठलं?"

"चांगल्यातलं."

गजाभाऊंनी डबीत बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, वास घेतला. "वहिनींना शिवणाची आवड आहे का?"

"आहे. का?"

"त्यांचं मशीन हल्ली कोरडं चालत असेल. विचारा घरी."

शिलाई मशीनच्या तेलानं आतलं रबर शिऱ्यातल्या मनुकेसारखं फुगलं होतं. ते आठवडाभर खिळ्यावर होतं आणि चिठ्ठीवर लिहिलं होतं, "शिलाई मशीनचे तेल. मालक स्वतः." अधिकाऱ्यांनी नाव वगळण्याची विनंती केली होती. ती मान्य झाली. हुद्दा मात्र पेन्सिलीनं बारीक अक्षरात खाली होता.

या भिंतीचे कायमचे प्रेक्षक म्हणजे पांडुरंगशेठ. ते वावर त्यांचं, शेडची जागा त्यांची, आणि बाकीची जमीन इमारतींना दिल्यानंतर त्यांच्या दारात चार जीपा उभ्या होत्या. ते रोज सकाळी येऊन एका काढून ठेवलेल्या मोटारीच्या सीटवर मांडी घालून बसत. त्यांची गजाभाऊंवर भक्ती बसली ती एका आवाजावरून. "आवाज हाय, पर कुठनं येतोय कळंना," म्हणून त्यांनी जीप तीन गॅरेजांत फिरवली होती. गजाभाऊंनी स्टिअरिंगला हात लावला नाही. ते मागं डोळे मिटून बसले, शेठना कात्रजपर्यंत चालवायला लावलं आणि परत आल्यावर म्हणाले, "जीप ठीक आहे. सीटखाली तांब्या आहे. पितळेचा." तीन वर्षांपूर्वीच्या सत्यनारायणाचा तांब्या निघाला. हरवला म्हणून शेठच्या घरात त्यावरून दोन सुनांचं बोलणं बंद होतं.

भिंतीच्या मधोमध एक वाक्य रंगानं लिहिलं होतं. "पाइपला जोड नाही." क्लचचा आणि ब्रेकचा पाइप फुटला तर अख्खा बदलायचा, तुकडा सांधायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. "जोड देणारा मेकॅनिक नसतो," ते म्हणत, "भाविक असतो."

एवढी तयारी झाल्यावर आता माझी गाडी रंगमंचावर आणायला हरकत नाही.

मी तेव्हा तिशीत होतो आणि चौथ्या हाताची, साय रंगाची एक मोटार नुकतीच माझ्या गळ्यात पडली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला वाईला निघायचं होतं. मामांचं सहस्रचंद्रदर्शन. गाडीत आई, बायको, दीड वर्षाची मुलगी आणि लाडवांचे सात डबे. आणि आदल्याच सकाळी स्वारगेटच्या सिग्नलला मी क्लचवरून पाय उचलला, तर पाय वर आला आणि पेडल खालीच राहिलं. मागच्या रिक्षावाल्यानं माझ्या घराण्याची चौकशी केली. गाडी ढकलत, मग कशीबशी चालवत मी नऊला चिंचेखाली पोचलो.

"काय होतंय?" चपलांनी विचारलं.

"पेडल मऊ लागतं, मग खाली जातं. डबीतलं ऑइल दर आठवड्याला कमी होतं. पण खाली थेंब दिसत नाही."

गजाभाऊ बाहेर आले. "शेवटचा हात कोणाचा?"

"समोरच्या सुर्व्यांचा. महिन्यापूर्वी त्यांनी खालच्या पंपाचं रबर बदललं."

सीटवर बसलेले शेठ सरसावले. सुर्वे म्हणजे रस्त्याच्या पलीकडचं गॅरेज. गजाभाऊंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, कमी बोलणारा माणूस. भिंतीवर त्याच्या नावाच्या दोन चिठ्ठ्या आधीच होत्या. गजाभाऊंनी खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढला, कानावरची पेन्सिल काढली आणि उभ्या उभ्या लिहिलं, "सुर्वे, बिबवेवाडी."

"आधीच?" मी विचारलं.

"हात तेलकट झाले की अक्षर बिघडतं."

गजाभाऊंनी हाताखाली कोणाला ठेवलं नव्हतं. ते काम मालकानं करायचं. माझ्याकडे पायाची भूमिका आली. मी स्टिअरिंगमागे बसायचं आणि खालून हुकूम येईल तसं वागायचं. दाबा. धरा. सोडा. एवढ्या तीन शब्दांवर मी त्या दिवशी आठ तास काढले.

या क्लचचं शास्त्र सोपं आहे. पेडल दाबलं की वरचा पंप ऑइल ढकलतो. ते एका बारीक पाइपातून गाडीच्या पोटाखालून खालच्या पंपात जातं, आणि तो क्लच सोडवतो. तेव्हा गळती तीनच ठिकाणी असू शकते. गजाभाऊंनी गाडीखाली वर्तमानपत्रं अंथरली आणि आधी खालचा पंप उघडला. मला वाटलं, आता सुर्व्यांचं पाप बाहेर येणार. मग खालून नाखुशीनं उद्गार आला, "रबर चांगलं आहे. नीट बसवलंय." चोराच्या खिशात देवाचा अंगारा सापडावा, तसा तो स्वर होता.

"मग दुसरीकडं केलं आसंल काय तरी," शेठनी धीर दिला.

"असणारच."

मग वरचा पंप. पाइप सोडवून पंपाच्या तोंडाला पितळी बूच आवळलं. दाबा. धरा. पेडल दगडासारखं घट्ट. वरचा पंप निर्दोष. मग पाइप पुन्हा जोडला आणि तेच बूच पाइपच्या खालच्या टोकाला लावलं. दाबा. धरा. मी मनात मोजत होतो. पंधरापर्यंत दगड. विसाच्या पुढे पायाखालून काहीतरी सरकायला लागलं, अगदी सावकाश, झोपेत उशी खचते तसं.

"जातंय," मी म्हणालो.

"मग पाइप." आणि पुढच्याच श्वासात, "त्यात जोड असणार. कोणीतरी जोड दिलाय."

पण वर्तमानपत्रं कोरडी होती. पाइपावर वर्षानुवर्षांचं डांबर चढलेलं, आणि गळती त्या डांबराच्या आतून कुठंतरी वाहून जिरत होती. बारा वाजले. उन्हानं पत्रा कडकडायला लागला. मला घरी तांदूळ आणि नारळ घेऊन जायचं होतं. मी शेवटी बोललो. म्हटलं, "गजाभाऊ, राहू द्या. उद्या सकाळी आईला, मुलीला घेऊन वाईला निघायचंय. डबी काठोकाठ भरतो, एक बाटली बरोबर ठेवतो. वाईहून आल्यावर बघू."

ते गाडीखालून पूर्ण बाहेर आले. उठून उभे राहिले. इतक्या शांतपणे बोलले की मला ओरडलेलं परवडलं असतं.

"या डबीतून क्लच एकटा पीत नाही, ब्रेकही पितो. खंबाटकी उतरताना क्लच तुमचं ऑइल संपवील आणि ब्रेकला कोरडं ठेवील. मुलगी केवढी आहे?"

"दीड वर्षाची."

"तिला विचारून या. ती हो म्हणाली तर न्या गाडी."

मी पुन्हा स्टिअरिंगमागे जाऊन बसलो.

"सुर्व्याला बोलवा," गजाभाऊ म्हणाले. "त्याच्या समोर उघडतो."

सुर्वे हात पुसत आले. शेठनी त्यांना बसायलाही सांगितलं नाही. "हे बघा," शेठ म्हणाले, "माज्या चार जीपा तुमच्याकडं द्यायचं बोलणं झालंय. गजाभाऊंना आता येवढं झेपत न्हाई. पर तिसरी चिठ्ठी लागली तर जीपा न्हाईत. समोर सांगतो."

सुर्व्यांनी भिंतीकडे पाहिलं. "त्या दोन चिठ्ठ्या माझ्याच आहेत. काढा म्हणून कधी म्हटलं नाही. पण हा पाइप मी हातात घेतलेला नाही."

"गुन्हेगार असंच म्हणतो," गजाभाऊ म्हणाले.

"बरोबर आहे. निरपराध काय म्हणतो, तेही सांगा. मी तसं म्हणतो."

गजाभाऊ पाठीवर झोपून गाडीखाली शिरले आणि डांबर खरवडायला लागले. तासभर तो आवाज चालला. मग पेट्रोलनं पाइप धुतला. मग त्यांनी मला वाटीत खडूची पूड पाण्यात कालवायला सांगितली. ही मोटारीची विद्या नव्हे. त्यांचे वडील नवा बंब बाहेरून खडूनं पांढरा करायचे आणि आत रॉकेल ओतून ठेवायचे. डोळ्याला न दिसणारी फट पांढऱ्यावर काळी होऊन उठते. कुंचल्यानं अख्खा पाइप पांढरा झाला. वाळेपर्यंत थांबायचं. शेठ, सुर्वे, मी. समोरच्या इमारतीत कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या. मी त्या मोजल्या. पाच.

"दाबा."

मी दाबलं.

"धरा."

मी धरलं. आता माझी पंचाईत बघा. नाटकाचा सगळ्यात महत्त्वाचा प्रवेश गाडीखाली चाललेला, आणि मी वर पेडलवर पाय देऊन बसलेलो. मला फक्त सुर्वे दिसत होते. ते चाकाजवळ उकिडवे बसून आत बघत होते. आधी त्यांचा जबडा आवळलेला होता. मग त्यांची मान थोडी पुढे गेली. डोळे बारीक झाले. आणि मग चेहऱ्यावर असं काहीतरी आलं, की आपण नको तिथं दार उघडलं असं माणसाला वाटतं ना, तसं. ते उठून उभे राहिले आणि दुसरीकडे पाहू लागले.

चपला थांबल्या होत्या.

"सोडा" येईना. पेडल पायाखालून हळूहळू जात होतं. "सोडू का?" मी विचारलं. "गजाभाऊ, सोडू?" मी आपल्याच जबाबदारीवर सोडलं.

पाना फिरल्याचा आवाज आला. गजाभाऊ पाइप घेऊन बाहेर आले आणि चिंचेच्या सावलीतून उन्हात जाऊन उभे राहिले. पाइपच्या मधोमध, जिथं तो पट्टीच्या आड अंधारात दडलेला असतो तिथं, जोड होता. तांब्याची बाही, आणि तिच्या भोवती खडूवर उठलेली एक काळी रेघ, केसाएवढी. गजाभाऊंनी अंगठ्यानं खडू पुसला.

"हाय ना जोड?" शेठ म्हणाले. "लावा की मग खिळ्याला."

"गाडीचं पुस्तक आणा," गजाभाऊ मला म्हणाले. "मूळ रंग कुठला लिहिलाय?"

मी पुस्तक काढलं. "निळा."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला, दार उघडलं आणि मला हूं की चूं करायला वेळ न देता बिजागरीजवळचा रंग खरवडला. साय रंगाखालून हिरवा निघाला. हिरव्याखालून निळा निघाला. गजाभाऊ त्या निळ्या ठिपक्याकडे पाहत राहिले. मग शेठच्या शेजारी सीटवर बसले. मी त्यांना दिवसा बसलेलं पहिल्यांदाच पाहत होतो.

चिठ्ठी त्यांच्या खिशातून डोकावत होती. सुर्वे, बिबवेवाडी. सांगायचं म्हटलं तर अजून कोणाला काही कळलं नव्हतं. शेठना तांबं आणि पितळ यांतला फरक कळत नसे. मला तर काहीच कळत नसे. कळलं होतं फक्त सुर्व्यांना, आणि ते पाठ करून उभे होते.

"सुर्वे, इकडे या," गजाभाऊ म्हणाले. आतापर्यंत त्यांनी सुर्व्या म्हटल्याचंच मी ऐकलं होतं. "हे काम कोणाचं आहे?"

सुर्व्यांनी पाइप हातात घेतला नाही. नुसताच पाहिला. "चांगलं काम आहे. मन लावून केलंय."

"कोणाचं ते विचारतोय."

"माझ्या तोंडून कशाला?"

तेव्हा मी वाकून बघितलं. बाहीच्या भोवती बारीक खळ्या होत्या. एका ओळीत, एका मापाच्या, हंड्याच्या गळ्यावर असाव्यात तशा. मोटारीखाली, डांबराच्या आत, जिथं माणसाची नजर कधी जाणार नाही तिथं कोणीतरी मठार काढला होता.

"गॅरेज टाकलं त्या पहिल्या वर्षी," गजाभाऊ म्हणाले. ते कोणाकडेच बघत नव्हते. "एक निळी गाडी आली होती. नवा पाइप मिळत नव्हता. मला वाटलं, तांब्याचा आहे ना, मग मला काय अवघड. जोड दिला. ठोकून घेतला. ठोकलेलं तांबं कडक होतं, ते पुन्हा विस्तवात धरून, म्हणजे ताव देऊन, मऊ करायचं असतं. आमच्यात लहान पोरालाही माहीत असतं. पण विस्तवात धरलं की काळं पडतं. आणि ठोके असे चमकत होते की... नाही धरलं. तसंच बसवलं. कडक राहिलं, गाडीच्या थरथरीनं चिरलं."

"पर दिसनार कुनाला हुतं ते?" शेठनी विचारलं. त्यांनी ते निरागसपणे विचारलं होतं.

"तेच तर," गजाभाऊ म्हणाले.

त्यांनी चिठ्ठी काढली. सुर्व्यांचं नाव खोडलं नाही, खोडरबरानं घासून पार पुसलं, पुठ्ठ्याचा वरचा पापुद्रा निघेपर्यंत. मग लिहायला लागले. लिहून झाल्यावर सुर्व्यांच्या समोर धरलं. सुर्व्यांनी वाचलं.

"तारीख घाला," ते म्हणाले.

"आठवत नाही."

"मग पहिलं वर्ष म्हणून लिहा. बाकीच्यांना तारखा आहेत."

गजाभाऊंनी लिहिलं. मागच्या भिंतीवर जागा होती, पण त्यांनी खिळा शेडच्या दर्शनी खांबाला ठोकला, आत येणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांसमोर. पाइप टांगला. मग शेठकडे वळून म्हणाले, "जीपा सुर्व्यांकडे जातील. आजच."

"माझ्याकडे लोखंडी पाइपची अख्खी लांबी आहे," सुर्वे म्हणाले. "जोड न देता पुरेल. तुमच्याकडे नसेल."

"नाही."

"आणतो."

दुपारी तीनपासून गाडीखाली दोन जोड्या चपलांच्या होत्या. दोघांनी मिळून पाइप वाकवला, बसवला, आणि मग आत शिरलेली हवा काढायला सुरुवात झाली. दाबा. धरा. सोडा. पण आता हुकूम दोन तोंडांनी येत होता, आणि एकदा एकानं धरा आणि दुसऱ्यानं सोडा म्हटल्यावर दोघंही खाली हसल्याचं मला ऐकू आलं. पाच वाजता पेडल दगड झालं. मी शंभरपर्यंत मोजलं. दगडच.

गजाभाऊंनी सवयीनं खिशातून ती बोटभर हातोडी काढली. नव्या पाइपच्या नटजवळ नेली. आणि पुन्हा खिशात ठेवली.

मग त्या दोघांना मागं बसवून मी कात्रजचा घाट चढलो आणि उतरलो. एक डोळे मिटून, दुसरा डोळे उघडे ठेवून. परत आल्यावर गजाभाऊ म्हणाले, "मुलीला सांगा, हो म्हणायला हरकत नाही." दुसऱ्या दिवशी मी खंबाटकी उतरलो तेव्हा मागच्या सीटवर ती लाडू खात होती, आणि माझा पाय मात्र सबंध घाटभर मनात आकडे मोजत होता.

दोनेक महिन्यांनी पुन्हा गेलो. भिंत तशीच होती. फुगलेली रबरं, खिळे, उलटे वॉशर, सगळं जागच्या जागी. पण एकाच्याही गळ्यात चिठ्ठी नव्हती.

"नावं कुठं गेली?" मी विचारलं.

"पावसाळी हवेत पुठ्ठा टिकत नाही," चपला म्हणाल्या.

दर्शनी खांबावरच्या पाइपची चिठ्ठी टिकली होती. ती दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून, वर सुतळीनं घट्ट बांधलेली होती.

पुढे शेठनी तेही वावर इमारतीला दिलं. शेड मोडत होते त्या सकाळी मी योगायोगानं तिथून जात होतो. भंगारवाला भिंतीवरचा माल पोत्यात भरत होता आणि सुर्वे फळ्या उतरवत होते. गजाभाऊ सायकलीपाशी उभे होते. थकले होते. कॅरिअरला तो पाइप आडवा बांधला होता, टोकं दोन्हीकडे हातभर बाहेर.

"हे कशाला नेताय?" मी म्हटलं. "रस्त्यात कुणाला लागेल."

"घरी भिंत आहे," ते म्हणाले.

सुर्व्यांनी सायकल धरली, ते चढून बसले. स्वारगेटकडे जाणारा तो उतार आहे, पायडल मारावं लागत नाही. पाठमोरे गजाभाऊ गर्दीत सरकत गेले. पाइपच्या टोकाला दुधाची पिशवी फडफडत होती, आणि बराच वेळ, अक्षर चांगलं असल्यामुळे, मागून वाचता येत होतं. "पाइपला जोड. मठारला, ताव दिला नाही. गजानन वडके, कसबा पेठ. पहिले वर्ष."